कानोसा : सगळे हसले, मी हसले

ऑनलाइन शिकणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या मुलांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं मी गेल्या अंकात म्हटलं होतं. करोना संपला, शाळा भरू लागल्या, आता कोण विचारतंय, असंच मनात होतं. पण पत्रं आली, आणि बरीच आली. शाळा भरल्या हे खरं, पण शिकवणी फोनवर राहिली, स्पीच थेरपी फोनवर राहिली आणि परदेशातल्या नातवंडांना आजीसुद्धा फोनवरच भेटते. निवासी कर्णबधिर विद्यालयात मी २९ वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची दोन वर्षं याच फोनवरून. त्या अनुभवावर जेवढं सांगता येतं तेवढं सांगते.

पहिलं पत्र एका मुलीचं आहे. तिला विचारून ते जसंच्या तसं छापलंय, एक अक्षरही दुरुस्त केलेलं नाही.

‘बाई नमस्कार. मी दहावी. ऑनलाइन क्लास रात्री ८. सर चांगले. सर वही दाखवतात, सर तोंड दिसत नाही. हात दिसते. मुलं बोलतात, कोण बोलतात माहीत नाही. काल सगळे हसले, मी हसले. काय हसले माहीत नाही. मी आई सांगितले. आई म्हणते लक्ष दे. मी लक्ष देते. डोळे दुखते. काय करू?’
— एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

बाळ, तुझं पत्र छान आहे. मला सगळं समजलं.

तू लक्ष देतेस. तुझी चूक नाही. ऐकू येणारी मुलं कानांनी सरांचं ऐकतात आणि डोळ्यांनी वही बघतात. तू दोन्ही कामं डोळ्यांनी करतेस, म्हणून डोळे दुखतात. आईला हे पत्र वाचायला दे.

सरांना हा मेसेज पाठव. असाच्या असा उतरवून घे : ‘सर, मला कमी ऐकू येतं. मी तुमचे ओठ बघून समजून घेते. वही दाखवताना बोलू नका. आधी बोला, मग दाखवा. उद्याचा धडा आज सांगा, मी वाचून येईन.’

वर्गातली एक मैत्रीण निवड. तिला सांग : पान नंबर आणि गणिताचा नंबर चॅटमध्ये लिही. सगळे हसले तर का हसले, तेही लिही. तेव्हाच लिही, नंतर नको.

वीस मिनिटं झाली की खिडकीतून लांब बघ. थोडा वेळच बघ. सरांना हे आधी सांगून ठेव.

आता मोठ्यांसाठी दोन शब्द. ‘मी आई सांगितले’ हे वाचून कुणाला हसू आलं असेल तर जरा थांबा. ‘ला’, ‘ने’, ‘त’, ‘चा’ हे आपले प्रत्यय शब्दाच्या शेपटीला असतात, हळू उच्चारले जातात आणि ओठांवर फारसे दिसत नाहीत. ‘आई’ दिसते, ‘ला’ दिसत नाही. जे कधी धड ऐकू आलं नाही आणि दिसलंही नाही, ते मूल लिहिणार कुठून? फोनवर आवाज तुटतो तेव्हा तर शब्दांची शेपटंच आधी गळतात. म्हणून या मुलांशी जे बोलाल ते लिहूनही द्या, पूर्ण वाक्यात, विभक्तीसकट. मुलीचं डोकं तल्लख आहे, हे तिच्या पत्रातल्या ‘सगळे हसले, मी हसले’वरूनच कळतं. आणखी एक. ‘काय झालं?’ असं बहिऱ्या मुलानं विचारलं की घरोघरी एकच उत्तर मिळतं : ‘काही नाही, नंतर सांगते.’ ते नंतर कधी येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी पन्नाशीला पोचलेलेही अजून हे बोलून दाखवतात.

‘मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. संध्याकाळी नववी-दहावीच्या चौदा मुलांना ऑनलाइन गणित शिकवतो, फी घेत नाही. त्यातला एक मुलगा श्रवणयंत्र वापरतो. ‘समजलं का?’ विचारलं की मान डोलावतो. चाचणीत वीसपैकी तीन. मी मुद्दाम मोठ्यानं बोलतो, तरी उपयोग नाही. माझं कुठं चुकतंय?’
— एक शिक्षक, नाशिक जिल्हा

सर, हे पत्र वरच्या मुलीच्या पत्राच्या आठवड्यातच आलं. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखत नाही, पण तिचं पत्र वाचलंत की निम्मं उत्तर मिळेल.

आधी त्या मान डोलावण्याबद्दल. ‘समजलं का?’ हा प्रश्न या मुलांना विचारूच नये. लहानपणापासून त्यांनी एक हिशेब शिकून ठेवलेला असतो : ‘नाही’ म्हटलं की तेच वाक्य पुन्हा, जास्त जोरात, वैतागलेल्या चेहऱ्यानं येतं, ‘हो’ म्हटलं की सुटका. तेरा मुलांसमोर तर ‘हो’च येणार. त्यापेक्षा ‘पहिली पायरी लिही आणि वहीचा फोटो टाक’ म्हणा. मग कळेल तो कुठे अडलाय.

मोठ्यानं बोलणं बंद करा. यंत्र आवाज आधीच मोठा करून देतं. त्यात ओरडलं की तो फाटतो आणि तोंड वेडंवाकडं झाल्यानं ओठही वाचता येत नाहीत. नेहमीच्या आवाजात, किंचित सावकाश आणि वाक्य न तोडता बोला. आणि ओठांवर सगळं दिसतं असं समजू नका. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणा : पापा, बाबा, मामा. तिन्ही वेळा आरशातला माणूस एकच गोष्ट म्हणतोय. क, ख, ग, घ तर घशाशी होतात, ते बिचारे दिसतच नाहीत. तुमच्या विषयातलं उदाहरण द्यायचं तर ‘सात’ आणि ‘साठ’ ओठांवर जवळजवळ सारखेच. तेव्हा आकडा तोंडातून निघाला की तो फळ्यावर उमटलाच पाहिजे. पण बोलून झाल्यावर. एका वेळी एकच, चेहरा नाहीतर फळा. तुम्ही स्क्रीनवर गणित दाखवता तेव्हा तुमचा चेहरा कोपऱ्यात सुपारीएवढा होतो, आणि त्यातच तुम्ही ‘हा क्ष इकडे गेला’ म्हणता. कुठला क्ष, इकडे म्हणजे कुठे? ज्याला ऐकू येतं त्यालाही हे अवघडच आहे.

उजेडाचं मात्र मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. २०२०च्या जूनमध्ये मी तांदळाच्या डब्याला फोन टेकवून, खिडकीकडे पाठ करून मोठ्या उत्साहानं आठवडाभर शिकवलं. मुलं टक लावून बघत होती, मला वाटलं काय छान रमलीत. आठव्या दिवशी सहावीतल्या एकानं स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. मागे लख्ख खिडकी, पुढे काळं ठिक्कर डोकं, आणि खाली लिहिलेलं : ‘बाई भूत.’ आठवडाभर त्यांना माझे ओठ दिसलेच नव्हते, आणि हे सांगायचं धाडस होईपर्यंत आठवडा गेला होता. तेव्हा खिडकी किंवा दिवा चेहऱ्यासमोर ठेवा. मिशा ओठांवर येत असतील तर थोड्या कातरा. (पुरुष शिक्षकांना हे सांगताना मला दरवेळी अवघड व्हायचं, पण सांगायचेच.)

फोनवर बोलणं अक्षरांत उतरवणारी सोय आता मिळते. गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब मराठीतही चालतं. मुलानं दुसऱ्या फोनवर ते लावून ठेवावं. मात्र त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. माझ्या एका विद्यार्थिनीच्या फोनवर ‘लसावि काढा’चं ‘असावी काढा’ झालं आणि ती पोर पंधरा मिनिटं पुस्तकात ‘असावी’ शोधत बसली. अवघड शब्दांची यादी आदल्या दिवशी पाठवलीत तर मूल अशा चुका स्वतःच दुरुस्त करून घेतं. तासाचं रेकॉर्डिंग पाठवून ‘पुन्हा बघ’ म्हणण्यात मात्र अर्थ नाही. जे एकदा ऐकू आलं नाही ते दुसऱ्यांदाही येत नाही. त्यापेक्षा फळ्याचे चार फोटो बरे.

राहता राहिली बाकीची तेरा मुलं. एकानं बोलायचं, बोलण्याआधी हात वर करायचा, आणि तुम्ही त्याचं नाव घ्यायचं. पंधरा दिवसांत सवय लागते. वर्गातला गोंगाट कमी होतो, हा फायदा वेगळाच.

‘माझा मुलगा सात वर्षांचा आहे. दोन्ही कानांना मशीन आहे. स्पीचच्या मॅडम लातूरला असतात. एसटीनं जाऊन येऊन दिवस मोडतो, म्हणून त्या मंगळवारी आणि शुक्रवारी फोनवर घेतात. दहा मिनिटांत लेकरू उठून पळतं. मशीन शिट्टी मारतं, म्हणून मी आवाज कमी करून ठेवते. सासूबाई म्हणतात, फोनवर कुठं लेकरू बोलायला शिकत असतं का? मालकांचंही तेच म्हणणं. बंद करू का?’
— एक आई, ता. केज, जि. बीड

बंद करू नका ताई. पण सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे, हे मी त्यांच्या बाजूनं सांगून टाकते.

सगळ्यात आधी ती शिट्टी. मशीन शिट्टी मारतं याचा अर्थ बहुतेक वेळा कानातला मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, सैल झालाय. लेकराचा कान वाढतो, मोल्ड वाढत नाही. शिट्टी थांबावी म्हणून तुम्ही आवाज कमी केलात, म्हणजे लेकराचं ऐकणंच कमी केलंत. मग ते दहा मिनिटांत पळेल नाहीतर काय करेल? मला तर दहा मिनिटं बसतं याचंच कौतुक वाटतं. हा दोष तुमचा नाही. दर दुसऱ्या घरात हेच चालतं, कारण मशीन देताना हे कुणी समजावून सांगत नाही. आवाज जेवढा लावून दिला होता तेवढाच करा आणि पुढच्या खेपेला लातूरला गेलात की नव्या मोल्डचं माप द्या. लहान मुलांना वर्षाच्या आतबाहेर नवा मोल्ड लागतोच. कानात मळ साठला तरी शिट्टी वाजते, तेही डॉक्टरांना दाखवून घ्या.

सेलचं बघा. निळ्या स्टिकरचा ६७५ नंबरचा किंवा नारिंगी स्टिकरचा १३ नंबरचा असेल. हे सेल हवेवर चालतात. स्टिकर काढलं की लगेच बसवू नका, मिनिटभर तसाच ठेवा, मग बसवा. एकदा स्टिकर काढलं की सेल वापरा न वापरा, उतरतच जातो. परत चिकटवून साठवता येत नाही. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत, सेलचं दार उघडं ठेवून. पावसाळ्यात तर हे चुकवू नकाच. पहिल्या लॉकडाऊनमध्ये माझ्या एका विद्यार्थ्याचे सेल संपले आणि एसटी बंद. शेवटी दुधाच्या गाडीवाल्याकडे चिठ्ठी बांधून सेलचा एक पत्ता पाठवला. तोवर तीन आठवडे गेले होते, आणि तो मुलगा ‘पाणी’सारखा नेहमीचा शब्दही पुन्हा पुसट म्हणायला लागला होता. एक पत्ता नेहमी जास्तीचा ठेवा.

मशीन नीट चालतंय की नाही, हे रोज सकाळी घरीच तपासता येतं. लेकराच्या पाठीमागे बसा, म्हणजे तोंड दिसायला नको. तोंडावर हात धरू नका, आवाज दबतो. त्याच्या हातात शेंगदाणे द्या, पुढे वाटी ठेवा. तुम्ही एकेक आवाज काढायचा : आ, ई, ऊ, म, श, स. प्रत्येक आवाज ऐकला की त्यानं एक शेंगदाणा वाटीत टाकायचा. मध्ये कमीजास्त वेळ थांबा, नाहीतर ते अंदाजानं टाकतं. बोलण्यातले जाडे-बारीक सगळे आवाज या सहांत येतात. रोज ‘स’ला शेंगदाणा पडत होता आणि आज पडला नाही, तर सेल, मोल्ड आणि नळी बघायची. ज्यांनी ही चाचणी काढली त्या डॅनियल लिंग यांच्या नावानं ती ओळखली जाते. पालकसभेत ते नाव घेणं मला जड जायचं, म्हणून आमच्या शाळेत तिला ‘सहा आवाज’च म्हणायचे.

आता फोनचं. फोन लेकरापासून हातभर अंतरावर, त्याच्या तोंडाच्या उंचीला ठेवा. खाली चादर घाला, म्हणजे आवाज घुमत नाही. कुलर आणि मिक्सर तेवढा वेळ बंद. मशीन निवडून ऐकत नाही. मॅडमचा आवाज आणि कुकरची शिट्टी दोन्ही सारख्याच इमानानं मोठी करतं.

आणि सासूबाईंचं निम्मं बरोबर ते असं : फोनवर लेकरू बोलायला शिकत नाही, तुम्ही शिकवायला शिकता. मॅडमना सांगा, दहा मिनिटं त्याच्याशी बोला आणि वीस मिनिटं मला सांगा की आठवडाभर काय करू. मग ते काम भाकरी करताना करा. त्याला काठवटीसमोर बसवा. पीठ हातात धरा, लगेच देऊ नका. तो तुमच्या तोंडाकडे बघेल तेव्हा म्हणा, ‘पीठ’. मग ‘पाणी घाल’. ‘मळ, मळ, मळ’. ‘थाप’. ‘तव्यावर टाक’. आणि मग थांबा. भाकरी फुगेपर्यंत काही बोलू नका. फुगली की त्याच्याकडे बघा, तोच म्हणेल. पहिल्या दिवशी नुसतं ‘ऊ’ म्हणेल, तेही चालेल. तेच शब्द, तोच क्रम, रोज दोन भाकऱ्या त्याच्या. हे करायला सासूबाईंनाच बसवलंत तर फोनबद्दलची कुरकुरही थांबेल असं माझं मन सांगतं.

‘आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीला दुसऱ्या वर्षी कॉक्लिअर इम्प्लांट झालं, आता ती आठची आहे. शाळा इंग्रजीत. रविवारी ऑनलाइन मराठी वर्ग असतो, आणि आजी इचलकरंजीहून व्हिडिओ कॉल करतात. तिला गोंधळ होतो, मराठी सोडा, असं काहीजण सुचवतात.’
— एक बाबा

सोडू नका. दोन भाषांमुळे गोंधळ होतो ही जुनी भीती आहे. लहानपणी इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र, मिळालेली आणि दोन भाषा उत्तम बोलणारी मुलं मी पाहिली आहेत. घरात ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, ती भाषा तिला भरपूर आणि स्वच्छ मिळाली पाहिजे. मोडक्या इंग्रजीपेक्षा धडधाकट मराठी केव्हाही बरी. रविवारच्या वर्गातला गोंगाट जड जात असेल तर तो महिनाभर बंद ठेवा, आजी मात्र चालू ठेवा.

आजींना माझा निरोप द्या : फोन भिंतीला टेकवून ठेवा, हातात धरू नका. सध्या नातीला बहुधा तुमचं कपाळ आणि पंखा दिसत असेल. आणि कवळी लावून बसा, नाहीतर ओठ वाचता येत नाहीत. ब्लूटूथनं आवाज थेट इम्प्लांटला जोडला असेल तर कधी कधी तो ओठांच्या मागे रेंगाळतो. तसं वाटलं तर ब्लूटूथ बंद करून साधा स्पीकर लावून बघा.

‘नात जन्मापासून बहिरी आहे. अकरा वर्षांची. मशीनचा फारसा उपयोग झाला नाही. ती मोबाईलवर खुणांचे व्हिडिओ बघते आणि हातवारे करते. खुणा शिकली तर बोलणं कायमचं राहील, असं तिचा बाप म्हणतो आणि फोन काढून घेतो. मी ७३ वर्षांचा निवृत्त पोस्टमन, मला यातलं काय कळणार?’
— एक आजोबा, चिपळूण

आजोबा, तुम्हाला पुष्कळ कळतं, म्हणून तर पत्र लिहिलंत.

माझ्या वर्गातला नऊ वर्षांचा एक मुलगा मार्च २०२० मध्ये वसतिगृह बंद झालं तेव्हा घरी गेला. आई मायाळू, घर खाऊनपिऊन सुखी. पण त्या घरात चारच खुणा होत्या : जेव, झोप, ये आणि मारीन. वडील रात्री कामावरून आले की फोन त्याच्या हाती यायचा, मग तो मला व्हिडिओ कॉल करायचा. अभ्यासासाठी नाही. एका रात्री म्हैस व्याली होती. रेडकाचे पुढचे पाय आधी आले ते, वडील कसे ओढत होते ते, आईनं गूळ कुठून आणला ते, असं चाळीस मिनिटं तो हातांनी सांगत होता. मध्येच नेट अडकायचं, हात हवेत थिजायचे, की तो पहिल्यापासून सुरू करायचा. दारात उभी असलेली त्याची आई बघत होती. आपल्या मुलाला इतकं बोलता येतं हे तिला त्या रात्री कळलं.

खुणांनी बोलणं राहत नाही. भाषाच नसली तर मात्र सगळंच राहतं, वाचन, गणित, रुसणंसुद्धा. अकराव्या वर्षी वाट बघत बसण्याइतका वेळ हातात नाही. तिच्या बापाला सांगा, फोन परत दे आणि शेजारी बस. भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश दिल्लीच्या सरकारी संशोधन केंद्रानं केलाय. २०२१च्या आवृत्तीत दहा हजार शब्द आहेत, व्हिडिओच्या रूपात आणि फुकट. ‘पीएम ई-विद्या’ या केंद्र सरकारच्या शैक्षणिक वाहिन्यांमधली ३१ क्रमांकाची वाहिनी डिसेंबर २०२४ पासून याच भाषेला दिलेली आहे. शब्दकोशातली खूण आणि तिच्या मैत्रिणींची खूण कधी जुळणार नाही. त्यानं बिघडत नाही. कोल्हापूरची मराठी आणि नागपूरची मराठी तरी कुठं जुळते?

तुम्ही रोज पाच खुणा शिका. शिक्षिका घरातच आहे. मोठी माणसं चुकली की या मुलांना फार आनंद होतो, तो तिला मनसोक्त मिळू द्या. पत्र, पत्ता, पाऊस, मासे, ‘उशीर का झाला’ यांपासून सुरुवात करा.

आणि थोड्या दिवसांनी ती तुम्हाला एक नाव देईल. या मुलांत प्रत्येक माणसाला खुणेचं नाव असतं. मोठ्या कुंकवामुळे माझं नाव होतं कपाळावर टेकवलेला अंगठा. कुंकू लहान झालं तरी ते बदललं नाही. तुमचं नाव काय ठेवलं ते मला कळवा. बहुतेक चष्मा नाहीतर सायकल असणार.